न टिकणाऱ्याचा माग

तळोज्याहून येणारा एक विद्यार्थी आमच्याकडे एम.एस्सी.ला होता. त्याचे वडील एका रासायनिक कारखान्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, ऑपरेटर. सांडपाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) उतरवायला ते टाकीत आधी ॲसिड सोडून पीएच तीनच्या आसपास आणायचे, मग फेरस सल्फेट घालायचे, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. घरात हे इतक्यांदा बोललं जायचं की मुलाला सगळी प्रक्रिया तोंडपाठ होती. बायोइनऑर्गॅनिकच्या तासाला मी हिमोग्लोबिन शिकवत होते, तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, रक्तात लोखंड आहे. पेशींमध्ये पेरॉक्साइड तयार होतं हे तुम्हीच मागच्या तासाला सांगितलंत. मग बाबांच्या टाकीत जे होतं ते आपल्या आत का होत नाही?"

माझं पीएच.डी.चं काम याच प्रश्नाच्या एका कडेला झालं. पनवेलच्या कॉलेजात शिकवता शिकवता, सुट्ट्या आणि शनिवार वापरून मी ते केलं. पण इतक्या सरळ शब्दांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, मार्गदर्शकांनीही नाही आणि परीक्षकांनीही नाही. तासाला थोडक्यात उत्तर दिलं. इथे जरा ऐसपैस लिहिते.

टाकीतल्या प्रक्रियेला फेंटनचं नाव आहे. केंब्रिजच्या हेन्री फेंटनने १८९४ साली दाखवलं की लोखंडाचा क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडीकरण होतं. हे नेमकं कोण करतं, याचं उत्तर १९३४ मध्ये हाबर आणि वाइस यांनी सुचवलं: हायड्रॉक्सिल रॅडिकल. पेरॉक्साइडच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध कच्चा असतो. तो तोडायला मोलमागे सुमारे २१० किलोज्यूल पुरतात, तर पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. मोकळं फेरस लोखंड या कच्च्या बंधाला एक इलेक्ट्रॉन देतं, बंध तुटतो, आणि सुटलेलं रॅडिकल समोर जे येईल त्यावर तुटून पडतं. रंगद्रव्य, फिनॉल, प्रथिन, डीएनए, त्याला सगळं सारखंच. सांडपाण्याच्या टाकीत नेमकं हेच हवं असतं. पेशीत हेच नको असतं.

हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांतल्या हीममध्येही लोखंडच आहे. पण ते पॉर्फिरिनच्या वर्तुळात चार नायट्रोजन अणूंनी धरलेलं असतं, आणि खालून प्रथिनातला एखादा अवयव त्याला पाचवा आधार देतो. पेरॉक्साइड वापरणाऱ्या पेरॉक्सिडेज एन्झाइममध्ये हा आधार हिस्टिडीनचा, कॅटलेजमध्ये टायरोसिनचा, सायटोक्रोम पी-४५० मध्ये सिस्टीनच्या गंधकाचा. इथे पेरॉक्साइडचा बंध वेगळ्या तऱ्हेने तुटतो. एक ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो, दुसरा लोखंडावरच राहतो. लोखंड तीनवरून चारच्या ऑक्सिडीकरण अवस्थेत जातं आणि आणखी एक इलेक्ट्रॉन खुद्द पॉर्फिरिनच्या वर्तुळातून काढून घेतला जातो. या अवस्थेला कंपाउंड वन म्हणतात. रॅडिकलची धग यातही आहे, पण ती एका जागी बांधलेली आहे. उन्हाळ्यात कर्नाळ्याच्या बाजूला डोंगरावर वणवा लागलेला आम्ही पाहतो आणि घरात चूलही पाहतो. आग तीच, चुलीत तिच्या तिन्ही बाजूंना दगड असतात. पॉर्फिरिन आणि प्रथिन हे ते दगड. कंपाउंड वन पुढे एखाद्या रेणूकडून एक इलेक्ट्रॉन घेऊन कंपाउंड टू होतं, आणखी एक घेऊन मूळ अवस्थेला परततं.

माझं काम दगड काढून घेतल्यावर काय होतं ते पाहण्याचं होतं. त्यासाठी मी मायक्रोपेरॉक्सिडेज वापरलं. घोड्याच्या हृदयातून काढलेलं सायटोक्रोम-सी बाजारात लाल पूड म्हणून मिळतं. त्यात १०४ अमिनो आम्लं असतात. ते आम्लधर्मी द्रावणात पेप्सिनबरोबर ठेवलं की प्रथिन जागोजागी कापलं जातं आणि शेवटी हीमला चिकटलेला फक्त ११ अमिनो आम्लांचा तुकडा उरतो. अख्ख्या सायटोक्रोम-सीमध्ये लोखंडाची सहावी बाजू ८० क्रमांकाच्या मेथिओनिनने अडवलेली असते, म्हणून पेरॉक्साइडला आत शिरायला वाव नसतो. पेप्सिनने ते मेथिओनिन गेलं की तिथे नुसतं पाणी बसतं, आणि पाणी सहज हटतं. इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रथिन अशा रीतीने पेरॉक्साइडशी झुंजणारा उघडा तुकडा बनतं. तो लाल पट्टा सेफाडेक्सच्या कॉलममधून खाली उतरताना बघत बसणं हा माझ्या कामातला सगळ्यात शांत भाग होता.

हे काम करताना मला कमला सोहोनींची आठवण नेहमी येई, आणि ती भाविकतेतून येत नसे. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला तेव्हा हटून बसली, प्रवेश मिळवला, आणि पुढे केंब्रिजला गेली. १९३९ साली पीएच.डी. मिळाली ती वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सीवरच्या कामाबद्दल. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव शाळेच्या पुस्तकांत येतं, पण काम कशावर होतं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. बटाट्यासारख्या मुक्या, थंड वस्तूच्या पेशीतही श्वसनाचं हेच लाल प्रथिन आहे, हे त्या काळी नवं होतं. त्याच केंब्रिजमध्ये, त्याच वर्षांत, डेव्हिड कायलिन आणि थॅडियस मान हॉर्सरॅडिशच्या मुळातल्या पेरॉक्सिडेजवर पेरॉक्साइड घालून काय रंग येतो ते पाहत होते. १९३७ मध्ये त्यांनी लाल रंगाच्या संयुगाची, म्हणजे कंपाउंड टूची, नोंद केली. हिरव्या रंगाचं, त्याच्याही आधी तयार होणारं संयुग १९४१ मध्ये स्वीडनच्या ह्यूगो थिओरेल यांना सापडलं. म्हणजे प्रक्रियेत जे दुसरं येतं ते आधी दिसलं, आणि जे पहिलं येतं ते नंतर. असं का झालं हे मला हाताने काम करेपर्यंत कळलं नव्हतं.

झालं असं की पहिलं संयुग भुकेलं असतं. द्रावणात कुठूनही आलेला किरकोळ दाता रेणू, एन्झाइमबरोबर राहून गेलेली अशुद्धी, काहीही चालतं. ते इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि लाल होऊन बसतं. एन्झाइम अगदी शुद्ध असेल, पेरॉक्साइड मोजून बरोबरीने घातलं असेल आणि द्रावण थंड असेल, तर तपकिरी पेरॉक्सिडेज डोळ्यांदेखत हिरवं होतं आणि काही वेळ हिरवं राहतं. हा हिरवा फिकट असतो, शेवाळी, पाहायची सवय लागते. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी शेजारच्या खोलीतल्या सहकारी मॅडमना हाक मारून बोलावलं होतं. (विद्यार्थी कधीकधी एबीटीएस नावाचा दाता घातल्यावर येणाऱ्या गडद हिरव्या रंगाला कंपाउंड वन समजतात. तो रंग एबीटीएसच्या रॅडिकलचा. एन्झाइमचा हिरवा त्याच्याखाली केव्हाच दडून गेलेला असतो.)

मायक्रोपेरॉक्सिडेजमध्ये असलं काही डोळ्यांना दिसत नाही. हाताने मिसळून, क्युवेट आत ठेवून, झाकण लावेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यासाठी स्टॉप्ड-फ्लो लागतो, आणि तो आमच्या कॉलेजात नव्हता. मुंबईतल्या एका संस्थेत शनिवारचा स्लॉट मिळे. पहाटेची हार्बर लोकल, मांडीवर बर्फाचा थर्मास, त्यात काळजीपूर्वक सील केलेल्या नळ्या. पेरॉक्साइड अर्थातच रेल्वेतून न्यायचं नाही, ते तिथलंच घ्यायचं आणि तिथेच मोजायचं. बाटलीवर ३० टक्के लिहिलेलं असलं तरी पेरॉक्साइड आपला आपण मोडत असतं, धुळीतल्या धातूंनीही मोडतं, म्हणून त्या दिवसाचं मोजमाप त्या दिवशीच. २४० नॅनोमीटरला शोषण घ्यायचं, ४३.६ ने भागायचं. ही सवय मी पुढे सगळ्या विद्यार्थ्यांना लावली. पेरॉक्साइडचा आकडा चुकला की त्यावर उभा केलेला प्रत्येक वेग चुकतो.

स्टॉप्ड-फ्लोची रचना सोपी आहे. दोन सिरिंज, एकीत हीम, दुसरीत पेरॉक्साइड. दाबाने दोन्ही दट्टे एकदम पुढे सरकतात, द्रावणं एका इवल्या कक्षात मिसळतात, आणि प्रवाह अचानक थांबवला जातो. मिसळल्यापासून पहिलं रीडिंग मिळेपर्यंत एक-दोन मिलिसेकंद जातात. ब्रिटन चान्सने १९४३ मध्ये याच जातीच्या यंत्रावर पेरॉक्सिडेजचा वेग मोजला होता, आजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधी. पडद्यावर जे येतं ते असं: ४०० नॅनोमीटरच्या जवळचं हीमचं उंच शिखर पहिल्या काही दशांश सेकंदांतच खचायला लागतं, त्याच वेळी ६०० च्या पलीकडे एक बसकं, रुंद शोषण किंचित वर येतं, आणि मग तेही ओसरतं. एकावर एक ठेवलेले आलेख एका बिंदूतून जातात का, हे बघायचं. जात असतील तर दोनच रूपांचा एकमेकांत बदल चाललाय. तो छेदबिंदू सरकत असेल तर मध्ये तिसरं कुणीतरी आहे. माझे सरकत होते.

तो तिसरा कोण हे सिद्ध करायला त्याला धरून ठेवावं लागत नाही. त्याने काय केलं ते मोजायचं. दुहेरी मिश्रणाची सोय वापरून आधी हीम आणि पेरॉक्साइड मिसळायचे, ठरावीक मिलिसेकंद थांबायचं, आणि मग दाता रेणू सोडायचा. थांबण्याचा काळ बदलत नेला की तत्क्षणी तयार होणारं उत्पादन आधी वाढतं आणि मग घटतं. ही वाढ-घट म्हणजे त्या मध्यस्थाचं आयुष्य. फिलिप जॉर्ज यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फेरोसायनाइडने इलेक्ट्रॉन मोजून दाखवलं होतं की हिरव्या संयुगाजवळ दोन इलेक्ट्रॉनांइतकी ऑक्सिडीकरणाची ताकद आहे आणि लाल संयुगाजवळ एकाची. साध्या हिशेबाने इतका मोठा निष्कर्ष काढलेला वाचला की मला अजूनही आदर वाटतो.

आता वेगांच्या संख्या बघा. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज पेरॉक्साइडशी प्रति मोलर प्रति सेकंद सुमारे १.७ गुणिले दहाचा सातवा घात इतक्या वेगाने भिडतं. मायक्रोपेरॉक्सिडेज तटस्थ पीएचला त्याच्या हजारो पटींनी मागे असतं. एन्झाइममध्ये हीमच्या वरच्या बाजूला एक हिस्टिडीन आणि एक आर्जिनीन असतं. हिस्टिडीन पेरॉक्साइडचा प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर पोचवतं, आर्जिनीन तुटणाऱ्या बंधाला सावरतं. ही यंत्रणा पूलोस आणि क्रॉट यांनी १९८० मध्ये स्फटिकाची रचना पाहून मांडली. पुढे ते हिस्टिडीन काढून जागी ॲलानीन बसवलं, तर वेग जवळजवळ दहा लाख पटींनी पडला. एका अमिनो आम्लाची ही किंमत आहे. आणि आयुष्याच्या बाबतीत फरक उलट दिशेचा: एन्झाइमचं कंपाउंड वन शुद्ध द्रावणात डोळ्यांना दिसण्याइतकं टिकतं, माझ्या तुकड्यातला मध्यस्थ झाल्या झाल्या संपतो. म्हणजे प्रथिन त्याला पटकन घडवतं आणि घडल्यावर सांभाळतंही.

उघड्या हीमचा शेवट कसा होतो तेही मी पुष्कळ पाहिलं. पेरॉक्साइड जास्त झालं की लालसर तपकिरी द्रावण फिकटत फिकटत पिवळसर होतं आणि मग कशानेच परत येत नाही. मध्यस्थाला बाहेर दाता सापडला नाही की ऑक्सिडीकरणाचा हल्ला स्वतःच्याच वर्तुळावर होतो, चार पायरोलांना जोडणारे कार्बनचे पूल तुटतात, लोखंड सुटतं. आणि सुटलेलं लोखंड पुन्हा फेंटनचं काम करायला मोकळं. हे टाळायला ग्वायाकॉल किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल आधीच घातलं तर हीम बराच काळ वाचतं. पहिल्यांदा हे दोन आलेख शेजारी ठेवले, एक उतरत गेलेला आणि एक जवळपास सपाट, तेव्हा माझ्या विषयाचं सार मला कळलं असं मी मानते. भयंकर मध्यस्थ तयार करणं अवघड नाही, लोखंड आणि पेरॉक्साइड ते कुठेही करतात. त्याच्या शेजारी त्या क्षणी कोण उभं आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. शरीरात तो शेजार प्रथिनाने ठरवून ठेवलेला आहे. मोकळ्या लोखंडाला ट्रान्सफेरिन धरतं, सांडलेल्या हीमला हिमोपेक्सिन उचलतं. आणि हीमचं वर्तुळ मुद्दाम तोडायचंच असेल तर हीम ऑक्सिजनेज लोखंडावरच्या हायड्रोपेरॉक्साइडचा रोख नेमक्या एका कार्बनकडे वळवतं. मुका मार लागलेली जागा काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी होते ती त्यामुळे. तो हिरवा बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा.

मॉडेल अपुरं असतं म्हणून त्याला दुय्यम समजणारे मला भेटले आहेत. मला हे पटत नाही. एन्झाइममध्ये सगळं इतकं जुळलेलं असतं की कशामुळे काय होतं हे वेगळं काढता येत नाही. मॉडेलमध्ये एकेक गोष्ट परत घालून बघता येते. जॉन ग्रोव्ह्ज यांनी १९८१ मध्ये प्रथिनाशिवाय, उणे ७८ अंशांना, चारी बाजूंनी मेसिटिल गट लावलेल्या लोह-पॉर्फिरिनपासून हिरवं संयुग बनवलं. ते गट नसते तर दोन हीम ऑक्सिजनच्या पुलाने एकमेकांना चिकटून बसली असती. तेव्हापासून कंपाउंड वनच्या रचनेबद्दल ठामपणे बोलता येऊ लागलं. पी-४५० चं कंपाउंड वन मात्र रिटल आणि ग्रीन यांनी पकडेपर्यंत २०१० साल उजाडलं.

आपल्याकडे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, समरेश मित्रा, श्यामलव मजुमदार आणि मेधी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हीमला साबणासारख्या रेणूंच्या मायसेलमध्ये ठेवून अभ्यास केला. पाण्यात हीमचे रेणू गोळा होऊन बसतात, हा माझाही नेहमीचा त्रास. मायसेलच्या तेलकट पोटात ते एकेकटे राहतात, आणि प्रथिनाच्या पोकळीचा काही अंश तिथे मिळतो. त्याच संस्थेतल्या मोदी, बेहेरे आणि मित्रा यांचं लॅक्टोपेरॉक्सिडेजवरचं १९८९ चं काम मी वारंवार वाचलं आहे. दुधातलं हे एन्झाइम पेरॉक्साइड वापरून थायोसायनेटचं ऑक्सिडीकरण करतं आणि त्यातून जिवाणूंना मारक द्रव्य बनवतं. थायोसायनेट लोखंडाला थेट चिकटत नाही, थोड्या अंतरावर बसतं, हे त्यांनी एनएमआरने दाखवलं. माझ्या शेजाराच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. लोखंडाची जागा रिकामी राहिली पाहिजे, कारण तिथे पेरॉक्साइड यायचं आहे. दाता जवळ हवा, पण वाटेत नको.

म्हणून आता कॉलेजात मी दुधाचं प्रॅक्टिकल घेते. ते करायला लोकल पकडावी लागत नाही. मुलं घरून दूध आणतात, कुणी पिशवीचं, नेरे-वाज्याकडची मुलं म्हशीचं ताजं. कच्च्या दुधात ग्वायाकॉल आणि पेरॉक्साइडचे थेंब घातले की तपकिरी-नारिंगी रंग चढतो. पाश्चरायझेशन ७२ अंशांना १५ सेकंदांचं असतं आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज त्यातून तगतं, त्यामुळे पिशवीच्या दुधातही रंग येतो, याचं मुलांना आश्चर्य वाटतं. उकळलेलं दूध मात्र पांढरंच राहतं. हाच गुण उलटा वापरून दुधातली भेसळ शोधतात. दूध नासू नये म्हणून कुणी पेरॉक्साइड घातलं असेल, तर कच्च्या दुधात नुसता दाता घातला तरी रंग येतो, कारण एन्झाइम दुधाचं आणि पेरॉक्साइड भेसळ करणाऱ्याचं. मात्र दुधातलं कॅटलेज ते पेरॉक्साइड हळूहळू संपवत असतं, म्हणून तपासणी ताज्या दुधाची हवी. कमला सोहोनी उतारवयात ग्राहक चळवळीत, कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात होत्या, भेसळीबद्दल लिहीत होत्या, हे मी याच प्रॅक्टिकलला सांगते. सायटोक्रोमपासून दुधापर्यंतचा त्यांचा रस्ता मला सरळ वाटतो.

गेल्या वेळी एका मुलीने उकळलेल्या दुधाची परीक्षानळी उचलून विचारलं, "यातलं लोखंड कुठे गेलं?" कुठेच गेलेलं नाही. हीम त्या नळीतच आहे, घडी विस्कटलेल्या प्रथिनाला धरून. तिला हे पटलं, पण घडी कोणत्या तापमानाला विस्कटते हे तिला स्वतः बघायचं आहे. पुढच्या आठवड्यात ६५ ते ८५ अंशांदरम्यान पाच-पाच अंशांच्या टप्प्यांनी दूध तापवून, प्रत्येक नळी लगेच बर्फात ठेवून, आम्ही ४७० नॅनोमीटरला वेग मोजणार आहोत. वॉटर बाथ ८० च्या वर नीट स्थिर राहत नाही, तेवढं आधी दुरुस्त करून घ्यायचं आहे.